पान्याचा पाठ : जुन्या गाडीची देखभाल आणि आपली मुले

स्मरणिकेच्या पानांवर शाळेची इमारत, दहावीचा निकाल, देणगीदारांची नावे आणि वर्षभरातील कार्यक्रम यांना हक्काची जागा असते. त्या मानाने या लेखाचा विषय किरकोळ वाटेल. आपल्या निवासी शाळेच्या आवारात उभी असणारी जुनी टाटा सुमो आणि तिची देखभाल शिकणारी आपली मुले-मुली हा तो विषय होय. परंतु पालकसभेत या विषयाने जितकी चर्चा घडवली, तितकी कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घडवलेली नाही. म्हणून तो सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

पालकांचा आक्षेप सरळ आहे. 'आमच्या बापजाद्यांनी हातांनीच कामे केली. मुलांच्या हाती पुस्तक यावे म्हणून त्यांना येथे पाठविले. तुम्ही त्यांच्या हाती पुन्हा पाना का देता?' हा प्रश्न अनाठायी नाही. ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या अंगमेहनतीची कामे जन्माने लादली गेली, त्याने हातकामाकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. 'श्रमप्रतिष्ठा' या शब्दाआड आपल्याच मुलांना श्रमाच्या जागी बसवून ठेवण्याचे प्रकारही आपण पाहिले आहेत. म्हणून या आक्षेपाचे उत्तर सुभाषिताने देता येणार नाही. ते इतिहासाने द्यावे लागेल.

इतिहास काय सांगतो?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू होत, हे त्यांचे प्रतिपादन याच परिषदेतील म्हणून सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील अस्पृश्य कामगाराची स्थिती तपशिलाने मांडली होती. तो गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. हमालाची जागाही त्याला सहजी मिळत नाही, कारण त्या काळी हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. रेल्वेच्या कारखान्यातही तो बिगारी म्हणून राहतो. मेकॅनिक किंवा फोरमनच्या जागेपर्यंत त्याची मजल जात नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांतही हेच घडत होते. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा जोडताना तो तोंडाला लागे. त्या खात्यात पगार अधिक होता आणि कौशल्यही. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात लावून धरला होता.

या दोन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. जातीने आपल्याला काम नाकारले नाही. काम तर भरपूर दिले. तिने नाकारले ते यंत्राचे ज्ञान. ओझे आपल्याकडे आणि पाना दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी होती. जातिव्यवस्था ही केवळ कामांची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच प्रतवारी आहे, हा बाबासाहेबांचा सिद्धान्त येथे लख्ख दिसतो.

त्यावर त्यांनी सुचविलेला उपायही ध्यानात घ्यावा. १९४२ च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबर रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती. शिवाय सरकारी छापखाने व रेल्वे कारखाने येथे आपल्या तरुणांना उमेदवारी मिळावी, अशीही मागणी होती. वकिली आणि वाङ्मय यांच्या शिक्षणाइतकेच तंत्राचे शिक्षण त्यांना महत्त्वाचे वाटत होते. तेव्हा पाना हाती घेणे म्हणजे मागे जाणे नव्हे. जो पाना १९३८ मध्ये आपल्या हाती येऊ दिला जात नव्हता, तो कारणासह समजून घेणे, हा पुढे जाण्याचाच एक मार्ग आहे. अट मात्र एकच : 'कसे' सोबत 'का' शिकविले गेले पाहिजे. 'का' गळले की उरते ती हमाली.

हीच गाडी का?

टाटा सुमो ही गाडी त्या वेळच्या टेल्कोने १९९४ मध्ये बाजारात आणली. कंपनीच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेले सुमंत मूळगावकर यांच्या नावातील व आडनावातील आद्याक्षरे घेऊन 'सुमो' हे नाव तयार झाले. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. खानदेशात ही गाडी कोणाला ठाऊक नाही? लग्नाची वऱ्हाडे, निवडणुकीचा प्रचार, रुग्णाला जळगावला किंवा धुळ्याला नेणे, अशी सर्व कामे तिने केली आहेत.

शिकण्यासाठी जुनी गाडी नव्या गाडीपेक्षा सोयीची असते. नव्या गाडीत बिघाड झाला की संगणक जोडून तो वाचावा लागतो. जुन्या डिझेल गाडीत कारण आणि कार्य डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, हाताला जाणवते. बॉनेट उघडले की पट्टा पंख्याला फिरवताना दिसतो. खाली मजबूत चासी, मागे पाट्यांची कमान, इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट : भौतिकशास्त्राचे अर्धे पुस्तक तेथे उघडे पडलेले असते.

शिवाय ही गाडी शाळेच्या गरजेची आहे. धान्य व भाजीपाला आणण्यासाठी ती लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वसतिगृहातील एखादे मूल मध्यरात्री तापाने फणफणले किंवा त्याला विंचू चावला, तर रुग्णालय गाठण्याचे तेच एक साधन असते. त्या क्षणी गाडी सुरू झाली पाहिजे. देखभालीचा विषय आम्ही गंभीरपणे घेतो, त्याचे हे पहिले कारण आहे.

खानदेशचे हवामान आणि यंत्र

गाडीची पुस्तिका सर्व देशासाठी लिहिलेली असते. देखभाल मात्र आपल्या मुलखाप्रमाणे करावी लागते. आपल्याकडे तीन गोष्टी यंत्राची परीक्षा पाहतात.

पहिली उष्णता. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटर इंजिनाची उष्णता बाहेरच्या हवेला देतो; हवाच तापलेली असेल तर हे देणे मंदावते. म्हणून रेडिएटरच्या जाळीत अडकलेले किडे, कचरा आणि माती उन्हाळ्यापूर्वी हलक्या पाण्याच्या धारेने काढावी. जोराची धार मारल्यास नाजूक पत्र्या वाकतात व हवेची वाट बंद होते. आत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घालू नये. या पाण्यातील क्षार, चहाच्या पातेल्याला धरतात तसेच, नळ्यांच्या आत थर धरतात. कूलंट आणि शुद्ध पाणी यांचे सांगितलेल्या प्रमाणातील मिश्रणच वापरावे. त्याने उत्कलनबिंदू वाढतो आणि गंजही रोखला जातो.

दुसरी धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरवर बसली की इंजिनाला पुरेशी हवा मिळत नाही, डिझेल अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि गाडीचा खर्च वाढतो. फिल्टर काढून आपटून झटकला की काम झाले, असा समज आहे. फिल्टरचा कागद फाटला वा त्याची कड बसली नाही, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि कानशीप्रमाणे धातू झिजवते. म्हणून फिल्टर उजेडासमोर धरून पाहावा व खराब झाल्यास बदलावा.

तिसरी गोष्ट घाट. चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा घाट आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. धुळ्याजवळचा लळिंग घाटही तसाच परिचयाचा. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यास आले असता ज्या लांडोर बंगल्यात थांबले होते, तो याच परिसरात असल्याने दर ३१ जुलैला आपले हजारो बांधव तेथे जातात. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ज्या गिअरमध्ये गाडी चढली, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, ही जुन्या चालकांची शिकवण यंत्रशास्त्राला धरून आहे. लहान गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखते आणि ब्रेक राखीव राहतात.

देखभालीचे वेळापत्रक

शाळेत देखभालीची एक नोंदवही ठेवलेली आहे. तारीख, किलोमीटर, केलेले काम, वापरलेला भाग आणि करणाऱ्याची सही असे तिचे रकाने आहेत. इतिहासाच्या शिक्षकाला या वहीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. लेखी साधन नसेल तर गाडीचाही इतिहास ऐकीव होतो, आणि 'ऑइल आत्ताच तर बदलले होते' यासारख्या दंतकथा जन्मास येतात.

दररोज, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी असताना, पुढील तपासणी करावी. ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. कूलंटची पातळी पाहावी. जमिनीवर डाग पडला आहे का, हे पाहावे : काळा असेल तर बहुधा ऑइल, रंगीत व पाण्यासारखा असेल तर कूलंट, चाकाच्या आतल्या बाजूस ओल असेल तर ब्रेक ऑइलची शंका घ्यावी आणि गाडी हलवू नये.

दर आठवड्यास टायरमधील हवा थंड असताना तपासावी. स्टेपनी विसरू नये. टायर हे वाचता येण्यासारखे कागदपत्र आहे. मधोमध झीज असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना असेल तर हवा कमी, एकाच कडेला असेल तर चाकांची सरळता बिघडलेली असते. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्यास टायर वापरणे नियमबाह्य ठरते. ओल्या रस्त्यावर ते जीवघेणेही असते.

दर महिन्यास पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. तो साधारण १० ते १५ मिलिमीटर दबावा. सैल पट्टा घसरतो, मग बॅटरी नीट भरत नाही आणि इंजिनही तापते. एका सैल पट्ट्यापासून दोन बिघाड निघतात, हे मुलांना येथे प्रत्यक्ष दिसते. बॅटरीतील पाणी पट्ट्यांच्या वर राहील इतके शुद्ध पाणी घालावे. विश्रांतीनंतर पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बॅटरी काढताना आधी ऋण टोकाची वायर काढावी आणि जोडताना ती शेवटी जोडावी. गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक सोडवताना पाना पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. ऋण आधीच सुटलेले असेल तर तो मार्गच बंद होतो.

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराने बदलावेत. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडून द्यावे. शाफ्टच्या क्रॉसला व जेथे निप्पल आहेत तेथे ग्रीस भरावे; नवे ग्रीस कडेने डोकावेपर्यंत भरले की जुने, मातीमिश्रित ग्रीस बाहेर पडते. काढलेले ऑइल नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. ते शेवटी आपल्याच गिरणा-पांझरेच्या पाण्यात उतरते. ते डब्यात साठवून, वापरलेले ऑइल घेण्याची परवानगी असलेल्या व्यावसायिकाकडे द्यावे.

दोष शोधण्याची रीत

देखभालीपेक्षा दोष शोधणे अवघड, आणि शिक्षण खरे तेथेच आहे. तथागतांनी दुःखाचा विचार ज्या क्रमाने केला, तो क्रम मुलांना पाठ असतो : दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर झाले की दुःख थांबते, आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे. बॉनेटसमोर उभे राहिल्यावर हा क्रम पाठांतराचा न राहता वापराचा होतो.

समजा, गाडी तापते. पहिली पायरी म्हणजे तक्रार नेमकी करणे. ती केव्हा तापते? उभी असताना तापते आणि चालू लागली की निवते, तर पंखा वा पट्टा याकडे पाहावे, कारण चालत्या गाडीला वाऱ्याचे साहाय्य असते. वेगात व चढावर तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबला असावा. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते आणि वरची नळी कढत असून खालची थंड राहते, तर पाणी फिरत नाही. थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप यांची तपासणी करावी. कूलंट कमी होते पण गळती दिसत नाही, आणि ऑइल दुधाळ झाले आहे, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा व गाडी तेथेच थांबवावी.

धुराचा रंगही असाच बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळत आहे. दाट पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडत आहे किंवा सिलिंडरमध्ये कूलंट शिरत आहे. थंडीच्या सकाळी गाडी सुरू होत नसेल, तर सेल्फ वारंवार मारून बॅटरी संपवू नये. सेल्फ जोमाने फिरतो का, हे आधी पाहावे. मंद फिरत असेल तर बॅटरी आणि तिची टोके तपासावीत. जोमाने फिरूनही इंजिन पेटत नसेल तर हीटर प्लग आणि डिझेलचा पुरवठा तपासावा.

येथे एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो : कारण सिद्ध झाल्याशिवाय भाग बदलायचा नाही. अंदाजाने तीन भाग बदलले आणि तिसऱ्याने गाडी सुरू झाली, तर पैसे गेले आणि ज्ञानही मिळाले नाही. कोणी मोठ्या अनुभवाचा माणूस सांगतो म्हणून नव्हे, तर स्वतः तपासून पटते म्हणून स्वीकारावे, ही कालामांना दिलेली शिकवण पानापेटीच्या झाकणावर लिहून ठेवण्याजोगी आहे.

मर्यादा

शिकवणे आणि राबवून घेणे यांत एक रेषा आहे, आणि ती शाळेने स्वतःहून आखली पाहिजे. १४ वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांना धोक्याच्या कामास लावण्यास कायद्याने बंदी आहे. आपली शाळा कारखाना नसली तरी या कायद्यामागील भावना आम्ही आमच्यावर बंधनकारक मानतो. म्हणून लहान वर्गांतील मुले केवळ पाहतात, प्रश्न विचारतात आणि वहीत नोंद करतात. नववी-दहावीची मुले-मुली शिक्षकांच्या उपस्थितीत वरील तपासण्यांपैकी निर्धोक तेवढ्याच करतात. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, अगदी चालकानेही, जायचे नाही. भक्कम स्टँड आणि चाकांना दगड लावल्याशिवाय चाक काढायचे नाही. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि घट्ट करताना समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, म्हणजे चाक सरळ बसते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. आतले पाणी दाबाखाली १०० अंशांहून अधिक तापलेले असते आणि दाब जाताच ते उसळून अंगावर येते.

ब्रेक, स्टिअरिंग आणि डिझेल पंप ही कामे गॅरेजमधील जाणकार मिस्त्रीच करतात. मुले तेथे निरीक्षक असतात. स्वतः करणे म्हणजे सर्व काही स्वतः करणे नव्हे. कोठे थांबावे हे कळणे हाही कौशल्याचाच भाग आहे. ज्याला 'का' ठाऊक आहे, तो मिस्त्रीशी नीट बोलू शकतो, बिल वाचू शकतो आणि फसत नाही.

आणखी एक नियम सांगणे आम्हांस महत्त्वाचे वाटते. गाडी धुण्याचे काम विद्यार्थ्यांना दिले जात नाही. धुण्यात शिकण्यासारखे फारसे काही नाही, आणि आपल्या मुलांच्या हाती झाडू व बादली देण्याची घाई समाजाने आजवर पुष्कळ केली आहे. तसेच पान्याचा पाठ अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी राखून ठेवलेला नाही. पहिला क्रमांक मिळवणाऱ्या मुलीनेही बॅटरीची टोके साफ करायची आणि त्यावर पांढरा-हिरवा थर का येतो, हे रसायनशास्त्राच्या तासाला सांगायचे. हुशारांना पुस्तक आणि इतरांना पाना अशी विभागणी झाली, तर आपणच आपल्या शाळेत नवा वर्ण निर्माण केला, असे होईल.

पालकांस व माजी विद्यार्थ्यांस

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. तुमच्या मुलांना आम्ही फिटर करीत आहोत काय? कोणी स्वेच्छेने आणि कौशल्याने फिटर झाला, तर त्यात उणेपणा नाही. कोणी अभियंता, डॉक्टर, अधिकारी किंवा शिक्षक झाला, तर तो यंत्रापुढे आणि यंत्र चालवणाऱ्या माणसापुढे अडाणी राहणार नाही. निवड मात्र त्याची असेल, जन्माची नसेल. जन्माने दिलेले काम आणि समजून घेतलेले काम यांत जो फरक आहे, त्यासाठीच हा पाठ आहे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी कित्येक जण एस. टी.च्या आगारात, भुसावळच्या रेल्वे कारखान्यांत, जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत आणि नाशिक-पुण्याच्या कारखान्यांत काम करतात. शाळेच्या कार्यक्रमात सत्काराच्या खुर्च्यांवर बहुधा अधिकारी बसतात. मिस्त्री मागच्या रांगेत उभा असतो. ही रांग मोडण्याची वेळ आली आहे. महिन्यातील एक रविवार शाळेला द्यावा. येताना हार आणू नये. वापरात नसलेला पण चांगला पाना, निकामी झालेला एखादा अल्टरनेटर किंवा कापून दाखवता येईल असा जुना फिल्टर आणावा. मुलांना तो उघडून दाखवावा, आणि त्यांच्या प्रत्येक 'का'चे उत्तर द्यावे.

नोंदवहीचे पुढचे पान कोरे आहे. तिच्या सहीच्या रकान्यात तुमचेही नाव यावे, अशी आमची इच्छा आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.